दवाखाना सांभाळून संशोधन कसं शोधावं, आणि सापडल्यावर त्यातलं काय घ्यावं?

तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या एका तरुण बीडीएस डॉक्टरांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) एक सांगतो, कॉन्फरन्समधले वक्ते दुसरं सांगतात, कॉलेजातल्या सरांनी तिसरंच शिकवलेलं. जर्नल्स विकत घेणं परवडत नाही आणि ओपीडी सांभाळून वाचायला वेळ नाही. मग भरवशाचा पुरावा शोधायचा कुठे, तो आपल्या पेशंटला लावायचा कसा, आणि अँटिबायोटिक मागणाऱ्या पेशंटला सांगायचं काय?

डॉक्टर, वेळेपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. जर्नल हातात घेऊन पहिल्या पानापासून वाचणं हे पीजी करतानाचं काम. दवाखाना चालवणाऱ्याने एखाद्या पेशंटपाशी अडलं म्हणून शोधायचं, तेवढंच शोधायचं आणि सापडेल ते वहीत दोन ओळींत लिहून ठेवायचं. आपल्याकडे फिरून फिरून येणारे प्रश्न असे असतात तरी किती? दाढ ठणकते, गाल सुजला, अक्कलदाढ काढायची आहे, हिरड्यांतून रक्त येतं, पोराच्या दुधाच्या दाढेला कीड लागली. यातच दिवस जातो. महिन्याला एक प्रश्न नीट सुटला तरी वर्षभरात प्रॅक्टिसचा बराच भाग तपासून होतो.

प्रश्न मात्र नेमका हवा. ‘पल्पायटिसमध्ये (दाताच्या आतली नस, म्हणजे पल्प, सुजल्यावर) अँटिबायोटिक द्यावं का?’ हा अर्धवट प्रश्न झाला. असा विचारा: एरवी धडधाकट असलेला मोठा माणूस, दाढ रात्रभर ठणकतेय, इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस (आपोआप बरा न होणारा), बाहेरून सूज नाही, ताप नाही. त्याला पेनकिलरच्या जोडीला अँटिबायोटिक दिलं आणि दुसऱ्या तशाच माणसाला नुसतं पेनकिलर दिलं, तर ठणका कमी होण्यात फरक पडतो का? कोणाला, काय दिलं, कशाच्या तुलनेत, आणि फरक कशात मोजला, ही चार घरं भरली की शोधायचे शब्द आपोआप हाती येतात. हीच चार घरं आपण ‘पिको’ (पेशंट, इंटरव्हेन्शन, कम्पॅरिझन, आउटकम) म्हणून थर्ड इयरला पाठ केलं आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेलो.

शोधताना मी आधी कॉक्रेन लायब्ररीत, म्हणजे संशोधनांचे आढावे (रिव्ह्यू) ठेवणाऱ्या वेबसाइटवर, जातो. तिथले रिव्ह्यू लिहिणारे लोक एका प्रश्नावरच्या सगळ्या ट्रायल्स (पेशंटवरच्या तुलनात्मक चाचण्या) गोळा करतात, त्यातल्या कच्च्या कुठल्या ते उघड सांगतात, आणि निष्कर्षावर किती भरवसा ठेवायचा याची हाय, मॉडरेट, लो, व्हेरी लो अशी प्रतही लावतात. सारांश पहिल्या दिवसापासून फुकट, पूर्ण रिव्ह्यू प्रसिद्ध झाल्यावर बारा महिन्यांनी फुकट. तिथे काही नसेल तर पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपरांची मोफत ऑनलाइन सूची. शब्द टाकायचे आणि डाव्या बाजूच्या फिल्टरमध्ये ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’वर टिक करायची, म्हणजे शेकड्यांनी आलेले पेपर वाचण्याजोग्या संख्येवर येतात. गाइडलाइन हवी असेल तर अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या आहेत, आणि स्कॉटलंडच्या एसडीसीईपी या दंतोपचार मार्गदर्शन उपक्रमाच्या आहेत. या दुसऱ्या मला जास्त आवडतात, कारण त्या साध्या जनरल डेंटिस्टला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात आणि पीडीएफ सरळ उतरवून घेता येते. गूगलवर थेट शोधलंत तर पहिल्या पानावर क्लिनिकच्या जाहिरातीच जास्त. चॅटबॉटला विचारणार असाल तर विचारा, पण त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडवर टाकून बघा. जगात नसलेला पेपर लेखकांच्या नावांसकट सांगायची त्याला खोड आहे.

आता वरचाच प्रश्न तडीला नेऊ. या विषयावर कॉक्रेनचा रिव्ह्यू आहे, तो वेळोवेळी ताजा केलेला आहे, आणि सगळं धुंडाळून त्यांच्या हाती लागली फक्त एक ट्रायल. २००० साली प्रसिद्ध झालेली, ४० पेशंटची. अर्ध्यांना ५०० मिलिग्रॅम पेनिसिलिन दर सहा तासांनी, सात दिवस, उरलेल्यांना प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी). दाताला कोणी हात लावलेला नाही. पेनकिलर दोन्ही गटांना, लागेल तसं. सात दिवसांत आयबुप्रोफेनच्या गोळ्या सरासरी किती लागल्या? पेनिसिलिनवाल्यांना ९.२, प्लासिबोवाल्यांना ९.६. ठणक्यातही दखल घेण्याजोगा फरक नाही.

४० पेशंट म्हणजे अगदीच थोडे, आणि कॉक्रेननेही पुराव्याची प्रत ‘लो’ लावली आहे. इथे आपल्यातले बरेच जण म्हणतात, पुरावाच कच्चा आहे ना, मग मी देतो ते चालू राहू दे. हा हिशोब उलटा आहे. द्यायच्या बाजूने तर तेवढाही पुरावा नाही. आणि कारणमीमांसाही तेच सांगते: पल्प कडक भिंतींच्या आत सुजलेला आहे, दाब वाढलाय, आतला रक्तपुरवठा मंदावलाय, आणि दुखणं सुजेचं आहे. दाताची आतली पोकळी (चेंबर) उघडून दाब मोकळा केला की पेशंट खुर्चीतच सुस्कारा सोडतो. गोळीने ते काम होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०१९ ची गाइडलाइन म्हणूनच स्पष्ट बोलते: तब्येत चांगली असलेल्या मोठ्या माणसात पल्पायटिससाठी अँटिबायोटिक नको, लगेच रूट कॅनाल करता येत असो वा नसो. पल्प मेलेला आहे, गळू झालंय, पण ड्रेनेज (पू काढणं) किंवा रूट कॅनाल आज होणार नाही, अशा वेळी अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन ते सात दिवस. तिसऱ्या दिवशी पेशंटची खबर घ्यायची आणि बरं वाटल्यावर २४ तासांनी थांबवायचं. ताप, तोंड न उघडणं, सूज मानेकडे उतरणं ही लक्षणं असतील तर गोष्टच वेगळी. तिथे अँटिबायोटिक हवंच आणि बहुधा मोठं हॉस्पिटलही. आता आपल्या गावातल्या मेडिकलच्या काउंटरवर डेंटिस्टांच्या चिठ्ठ्या बघा. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकांची जोडगोळी किती सढळ हाताने लिहिली जाते! पल्पायटिससाठी हिचा पुरावा मागितला तर एमआरच्या बॅगेतून काय निघतं ते एकदा विचारून पाहाच.

पुरावा सापडला म्हणजे काम झालं असं नाही. तो कोणत्या माणसांवर काढला हे बघणं मला शोधण्याइतकंच मोठं वाटतं, आणि आपल्याकडे गफलत होते ती इथे. स्केलिंगचं (दातांवरचा टार्टर, म्हणजे कीटण, काढण्याचं) उदाहरण घ्या. कॉक्रेनचा २०१८ चा रिव्ह्यू आहे: दोन ट्रायल्स, १७११ माणसं. ठरावीक काळाने, म्हणजे सहा किंवा बारा महिन्यांनी, स्केलिंग-पॉलिशिंग केलं आणि ठरवून केलंच नाही, तर दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या सुजेत, रक्त येण्यात किंवा पॉकेटच्या (दात आणि हिरडीमधल्या फटीच्या) खोलीत जवळपास काहीच फरक नाही. पुराव्याची प्रत ‘हाय’. हे वाचून एखादा म्हणेल, बघा, स्केलिंग थोतांड आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर असं फिरतंही.

पण ही माणसं कोण? ब्रिटनमधली, नेमाने डेंटिस्टकडे जाणारी, हिरड्यांचा गंभीर आजार नसलेली. आता तुमच्या खुर्चीत बसलेली बाई बघा. वय पन्नास, तीस वर्षं मशेरी, खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला टार्टर एकसंध जमून दातांमधल्या फटीसुद्धा दिसेनाशा झाल्यात, दोन दात हलतायत, आणि जन्मात एकदाही स्केलिंग नाही. त्या ट्रायलमध्ये हिला घेतलंच नसतं. तेव्हा तो निष्कर्ष हिच्याबद्दल काही म्हणत नाही. हिला पेरिओडाँटायटिस (दातांचा आधार झिजवणारा हिरड्यांचा आजार) आहे, हिला उपचार हवेत, आणि मशेरी सुटावी म्हणून बोलणं हा त्या उपचाराचा पहिला भाग. तिच्या तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा (कॅन्सरची आधीची खूण असू शकणारा) शोधणं हाही.

उलट, तोच रिव्ह्यू पुण्यात नोकरी करणाऱ्या, दर सहा महिन्यांनी ‘क्लीनिंग’ला येणाऱ्या, स्वच्छ तोंडाच्या तरुणाला मात्र अगदी चपखल लागू पडतो. त्याला दरवर्षी दोन स्केलिंगचं पॅकेज विकताना आपण काय विकतोय हे स्वतःला विचारावं लागेल. त्याला स्केलिंग आवडत असेल, तोंड ताजं वाटत असेल, तर जरूर करावं. पण ‘नाही केलंत तर हिरड्या जातील’ असं सांगू नये. एकच पेपर, दोन पेशंट, दोन उलटे निर्णय, आणि दोन्ही पुराव्याला धरून.

परदेशी गाइडलाइन घेताना असे खडे बरेच लागतात. इंग्लंडमध्ये सात वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना १३५० ते १५०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फ्लोराइडची पेस्ट सांगतात. आपल्याकडे कायद्यानेच टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमची मर्यादा आहे. आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त. तिथे लहान मुलाला काय सांगायचं ते त्याच्या घरचं पाणी कुठलं हे विचारल्याशिवाय ठरवू नका. पेस्ट बंद करा असं मी म्हणत नाही, पण तांदळाच्या दाण्याएवढी घ्या आणि गिळू देऊ नका हे तिथे दोनदा सांगावं.

आता आकड्यांबद्दल. इथे आपल्याला सगळ्यात सहज फसवता येतं. अक्कलदाढ काढताना अँटिबायोटिक द्यावं का, यावर कॉक्रेनचा २०२१ चा रिव्ह्यू आहे. त्यातला एक आकडा असा: इन्फेक्शनचा धोका सुमारे ६६ टक्क्यांनी कमी होतो. त्याच रिव्ह्यूतला दुसरा आकडा: एक इन्फेक्शन टाळायला १९ जणांना अँटिबायोटिक द्यावं लागतं. दोन्ही खरे. शंभर जणांची दाढ काढली, तर औषधाविना साधारण आठांना इन्फेक्शन झालं असतं, औषधाने ते तिघांच्या आत येतं. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव जणांना तसंही काही होणार नव्हतं आणि तरी त्यांनी गोळ्या खाल्ल्या, कुणाचं पोट बिघडलं, आणि जंतूंना औषध पचवायची सवय लागली ती वेगळीच. कंपनी ६६ छापणार, हे उघड आहे. तुम्ही पेपरात तो १९ शोधायचा, आणि दिलेला नसेल तर दोन्ही गटांत किती जणांना त्रास झाला ते बघून स्वतः काढायचा. दोन टक्क्यांची वजाबाकी आणि शंभराला त्या उत्तराने भागाकार, एवढंच गणित आहे. मग हेही लक्षात ठेवायचं की ते पेशंट बहुतांशी निरोगी होते. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) दहा असलेल्या, म्हणजे डायबिटीस आटोक्यात नसलेल्या तुमच्या पेशंटबद्दल १९ हा आकडा काहीच सांगत नाही, तिथे आपली अक्कल आणि त्याच्या फिजिशियनचा फोन.

एमआरने आणलेला गुळगुळीत कागदावरचा रिप्रिंट (पेपरची छापील प्रत) कसा वाचायचा ते सांगतो, कारण तो तुमच्या टेबलावर आत्ताही पडलेला असेल. मी आधी बघतो मोजलं काय. विजेच्या टूथब्रशवर कॉक्रेनचा २०१४ चा रिव्ह्यू आहे, ५६ ट्रायल्सचा: तीन महिन्यांनंतर प्लाक (दातांवरचा जंतूंचा थर) २१ टक्के कमी, हिरड्यांची सूज ११ टक्के कमी. फरक खरा आहे. पण पेशंटला हवं असतं ते दात टिकणं, आणि त्याबद्दल या आकड्यांत काही नाही. ज्याच्या हाताला कंप आहे किंवा जो घाईत दोनच फटके मारतो त्याला मी तो ब्रश सुचवतो. ज्याचा पन्नास रुपयांचा ब्रश नीट चालतोय त्याला नाही.

दुसरं, मोजले ते पेशंट की दात. आपल्या शास्त्रात ही चलाखी फार चालते. २० माणसांच्या तोंडातले ६० दात घ्यायचे आणि ‘एन बरोबर ६०’ (म्हणजे नमुना साठचा) लिहायचं. एकाच तोंडातले तीन दात एकाच लाळेत, एकाच हाताच्या ब्रशखाली आणि एकाच तंबाखूच्या सवयीत राहतात, ते तीन वेगळे साक्षीदार धरता येत नाहीत. पेपरात याचा हिशोब केलेला नसेल तर निकाल आहे त्यापेक्षा पक्का दिसतो. तिसरं, किती दिवस पाहिलं. कंपोझिटचा (दाताच्या रंगाच्या फिलिंगचा) सहा महिन्यांचा निकाल मला तरी काहीच सांगत नाही. सहा महिने तर वाईट भरलेलंसुद्धा टिकतं.

भारतातली ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्सची भारतीय नोंदवही) नंबर शोधा. ही नोंदवही २००७ पासून आहे, उघडी आहे, कोणालाही बघता येते. ट्रायल सुरू करण्याआधी काय मोजायचं ठरलं होतं ते तिथे असतं, आणि पेपरात छापलं ते वेगळंच असेल तर समजून जा. ‘पबमेड इंडेक्स्ड’ या शिक्क्यानेही हुरळू नका. पबमेडमध्ये पेपर वेगवेगळ्या वाटांनी येतात. मेडलाइन या पबमेडमधल्या निवडक भागासाठी जर्नल पारखून घेतात, तशी पारख प्रत्येक वाटेवर होत नाही. अर्थात नाणावलेलं जर्नल म्हणजेही हमी नव्हे. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये योन सुडबो या नॉर्वेच्या संशोधकाचा पेपर आला: साध्या वेदनाशामक गोळ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचा धोका घटतो, ९०८ जणांचा डेटा. सुडबो स्वतः डेंटिस्टही. पुढे उघड झालं की ते ९०८ जण बनावट होते. त्यातल्या २५० जणांची जन्मतारीख एकच होती. पेपर मागे घेतला गेला. तंबाखूच्या आपल्या मुलुखात त्या पेपरावर कोणी गोळ्या चालू केल्या असत्या तर काय, याचा विचार करा. म्हणून एकट्या पेपरावर, तो कितीही चमकदार असो, मी प्रॅक्टिस बदलत नाही. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी तेच पाहिलंय का, हे बघतो.

याच्या उलटही होतं: काही प्रश्नांवर ट्रायल कधी होणारच नाही. पोरगं सायकलवरून पडलं, पुढचा दात मुळासकट बाहेर आला. कोणती मुलं दुधात दात ठेवणार आणि कोणती कोरड्या रुमालात, हे चिठ्ठ्या टाकून कोण ठरवणार? तिथे प्राण्यांवरचे प्रयोग आणि वर्षानुवर्षांच्या केसेसच्या नोंदी हाच पुरावा, आणि तो पुरेसा आहे. आयएडीटी या दातांच्या दुखापतींवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२० ची गाइडलाइन त्यावरच उभी आहे: कायमचा दात असेल तर जागच्या जागी बसवा, नाहीच जमलं तर दुधात ठेवून पळा, लवचिक स्प्लिंट (दात धरून ठेवणारा आधार) दोन आठवडे. दुधाचा दात परत बसवायचा नाही. गावातल्या शाळेच्या पीटीच्या मास्तरांना एवढं सांगून ठेवलंत तर कॉन्फरन्सच्या दोन दिवसांपेक्षा जास्त दात वाचतील.

आणि पुरावा पक्का असूनही पेशंट ‘नको’ म्हणू शकतो. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या दाताला लावायच्या औषधाने दुधाच्या दाताची कीड थांबते, वर्षातून दोनदा लावावं, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०१८ ची गाइडलाइन म्हणते. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, दोन मिनिटांचं काम. पण कीड काळी कुळकुळीत होते. मागच्या दाढेला आई लगेच हो म्हणते. पुढच्या दाताला, तेही घरात लग्न असताना, अजिबात नाही. लावण्याआधी काळ्या झालेल्या दाताचा फोटो मोबाइलवर दाखवा आणि मग विचारा. नाही म्हणाली तर तिच्यावर चिडू नका, दुसरा पर्याय काढा.

राहिला तो अँटिबायोटिक मागणारा पेशंट. तो संध्याकाळी सातला येतो, उद्या गावाला जायचंय, ‘डॉक्टर, आता ओपनिंग नको, नुसत्या गोळ्या द्या, मागच्या वेळी त्या लाल-पिवळ्या कॅप्सूलनेच थांबलं होतं.’ त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. मी म्हणतो, ‘काका, मागच्या वेळी थांबलं कारण नस हळूहळू मरत होती, आणि सोबतच्या दुखण्याच्या गोळीने तेवढे दिवस निघाले. कॅप्सूलचा त्यात हात नव्हता. आज वीस मिनिटं द्या, दाढ मोकळी करतो, प्रवासात झोप लागेल.’ बरेच जण बसतात. जो नाहीच बसला, त्याला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र, पोटात काही घालून. दोन्ही मिळून चांगलं काम करतात हे नीट तपासलं गेलंय आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्येही हीच जोडी आहे. लिहिण्याआधी अल्सर, किडनी, दमा, गरोदरपण आणि रक्त पातळ करणारी गोळी विचारून घ्या. आणि एक गोष्ट त्या अमेरिकन कागदात मिळणार नाही: जुलै ते ऑक्टोबरमध्ये दाढदुखीच्या जोडीला अंगात ताप असेल आणि गळू दिसत नसेल, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन लिहू नका, डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. नुसतं पॅरासिटामॉल द्या, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डेंग्यूची तपासणी करायला पाठवा, आणि दोन्ही रिपोर्ट हाती आल्यावर पुढचं ठरवा.